पालथ्या हातावरचं पीठ

उमापूर, १८ नोव्हेंबर २०२४

रहिमाबी खाला, सलाम.

पत्र बघून दचकू नका, घरी सगळं बरंय. फोन लावला की तुमाला ऐकू येत न्हाई, मग शाईस्तावहिनी तुमच्या कानापाशी ओरडत राहतात आन् त्यांचाच घसा बसतो. बिचारी तुमची सून, तिला कावून तरास द्यायचा? अंगददादाचा टेंपो दर आठवड्याला केजवरनं गेवराईला येतो, तिथनं उमापूर किती लांब? बहिणीसाठी एवढं करंल तो. त्याच्याच हाती पत्र देत जाईन.

तुमची गिरणी माझ्या शेडात बसवून तीन महिने झाले. लहानपणी आईनं डबा देऊन धाडलं की मी तुमच्या ओट्यावर बसायची, तवा वाटायचं ह्या बाईला सगळं केज भेटायला येतं. तुमचा गुडघा धरला आन् तुमी बत्तीस वर्षांची मशीन माझ्या पदरात टाकली. मी लई खुशीत होते. पण आता खरं सांगते, गिऱ्हाईक टिकंना. पयल्या महिन्यात डब्यांची रांग होती. आता स्टँडजवळ एकानं मोठी गिरणी टाकलीय आन् बाया तिकडं वळाय लागल्यात.

ह्या शेडात आधी आमच्या मामांची मेंढरं बसायची. माझे सासरे म्हाळूमामा तुमी लग्नात बघितलेत, बोलणं कमी आन् मेंढरं जास्त. ते म्हणले, "पाडव्यापर्यंत चालली तर चालली, न्हाईतर मशीन इकू आन् मेंढरं परत आत घेऊ." हसत म्हणले, त्यानं तर मला जास्तच भ्या वाटलं. खाला, मला ही गिरणी सोडायची न्हाई. लग्नाला नऊ वर्षं झाली, पण उमापुरात लोक मला माझ्या नावानं वळखाय लागले ते ह्या तीन महिन्यांत.

माझ्या डोक्यात एक हाय. गेवराईच्या त्रिंबकशेठच्या किराणा दुकानात भोगीसाठी बाजरीच्या पिठाचे पुडे ठेवायचे. तीळ लावून भाकरी सगळ्यांना पायजे, दळायला सवड कुणालाच न्हाई. जमंल का? सोबत माझ्याकडच्या बाजरीच्या पिठाची पुडी धाडलीय. कसं आलंय ते लिहा.

तुमची
अंजू

केज, २९ नोव्हेंबर

अंजू बेटा, जीती रह.

माझं अक्षर बघून हसू नको. सातवीनंतर फकत उधारीच्या पाटीवर नावं लिहिलीत मी.

पुडी सोडली, चिमटीत पीठ घेतलं, वास घेतला, आन् तुझी माया कळली. जास्त बोलत न्हाई, तुला लाज वाटंल. आमच्या घरात आता दुकानातलं पीठ येतं. रहिमाबीच्या घरात दुकानातलं पीठ, तोबा! शाईस्ताची भाकरी थापता थापता चिरती आन् ती पोरगी मलाच म्हणती, "अम्मी, माझा हात बसंना." हात कशाचा बसंल, पिठाची विरीच गेलेली असती, धरून राहत न्हाई ते. तुझ्या पिठाची भाकरी टम्म फुगली. पयला घास घेतला आन् माझ्या डोळ्याला पाणीच आलं. मुजाहिद म्हणला, "अम्मी, तिखट लागलं का?" म्हणलं, हां, तिखट लागलं.

आता कामाचं ऐक. गेवराईच्या नादात उमापूरच्या बायांना इसरू नको. त्या पीठ न्यायला येतात हे खरं, पण घडीभर टेकायलाबी येतात. ओट्यावर सावली हाय का? पाण्याचा माठ हाय का? "संध्याकाळी या" असं मोघम बोलू नको, "चार वाजता या" म्हण आन् चारला डबा भरून तयार ठेव. गव्हावर ज्वारी दळायची असली तर पयली मूठ-दोन मूठ मिसळीची येती. ती त्यांच्या डब्यात ढकलू नको, गपचिप आपल्याकडंबी ठेवू नको. त्यांच्या देखत वेगळी काढ आन् जनावराला घाला म्हणून त्यांच्याच हातात दे. मोठ्या गिरणीवाल्याला एवढी फुरसत न्हाई. तुला हाय. तीच तुझी कमाई.

भोगीचा इचार चांगलाय. बाजरीचं पीठ लवकर कडू होतं, हे तुला सांगायला नको. पण थंडीत माझ्या मशीनचं पीठ आठ दिवस गोड राहतं, हा माझा बत्तीस वर्षांचा हिशेब हाय. आठ दिवस आधी दळ, त्याच्या आधी एक दाणाबी न्हाई.

भागवतला सलाम. त्याला म्हणावं, बायकोला डबे उचलू लाग.

तुझी खाला

उमापूर, १४ डिसेंबर

खाला, सलाम.

तुमचं पत्र मी आत्याबाईंना वाचून दाखवलं. सासूबाई असून त्यांनी सोता माठ आणून ओट्यावर ठेवला, म्हणजे बघा! मिसळीचं पीठ हातात दिलं तर इमलबाई म्हणाल्या, "अगं, हे तर आजवर कुणी दिलंच न्हाई." आमच्या गावच्या ह्या इमलबाई एकदा बोलल्या की गावभर होतं. चार डबे परत आले.

त्रिंबकशेठ हो म्हणले. पिशव्या छापून आणल्या, "अंजूचं पीठ" अशा. भागवत मला दिवसभर "ओ पीठवाल्या मालकीणबाई" म्हणून हाक मारतेत. मारू द्या.

भोगी तेरा तारखेला हाय, म्हणजे पाच जानेवारीला दळायला घेणार. सगळं तुमच्या हिशेबानं. मशीन जरा गरम होतीय, पण भागवत म्हणतेत पट्टा नवा हाय म्हणून असंल.

तुमची
अंजू

केज, २० डिसेंबर

अंजू,

गरम काय होतंय? मोटर, का पीठ? पीठ पडतं तिथं हात धरून बघ आन् लगेच लिही. परत एक पुडी धाड, चालू मशीनची.

खाला

केज, ४ जानेवारी २०२५

अंजू, अंगद दोनदा मोकळ्या हातानं आला. तू उत्तर का देत न्हाईस? उद्या तू दळणार. पुडी धाडल्याबिगर दळू नको बेटा. माझ्या जिवाला चैन न्हाई.

खाला

उमापूर, १७ जानेवारी

खाला,

तुमची दोन्ही पत्रं मिळाली होती. मी मुद्दाम उत्तर दिलं न्हाई.

पाच तारखेला दळलं. पीठ कढत येत होतं, हाताला चटका बसावा असं. मी पंख्याखाली पसरून गार केलं आन् पुडे भरले. सगळे पुडे भोगीच्या आदल्या दिवशीपर्यंत खपले, त्रिंबकशेठ फोनवर म्हणले, "अंजूताई, अजून धाडा." मी उड्या मारायची बाकी राहिले होते. भोगीच्या सकाळी आख्ख्या गेवराईत माझ्या पिठाच्या भाकरी झाल्या, तीळ लावून, आन् कडूजहर निघाल्या. सणाच्या ताटात, खाला! दुपारपर्यंत बाया फोडलेले पुडे घेऊन दुकानात. त्रिंबकशेठनं सगळे पुडे पोत्यात भरले आन् पोतं दुकानाच्या पायरीवर ठेवलं, माझं नाव वर येईल असं.

मामा त्या दिवशी एक मेंढा घेऊन गेवराईच्या बाजारात गेलते. त्यांनी ते पोतं बघितलं. घरी आले. शेडात गेले आन् पावलांनी शेड मोजलं, हिकडून तिकडं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आता जे सांगते ते वाचून तुमी माझं तोंडबी बघणार न्हाई. पयल्या पत्रासोबत धाडलेली पुडी गिरणीची नव्हतीच. तवाच गिरणीचं पीठ गरम आन् चिकट येत होतं. ते तुमाला धाडायची लाज वाटली. वाटलं, खाला म्हणतील, माझी मशीन पोरीनं तीन महिन्यांत वाया घालवली. म्हणून आत्याबाईंच्या जात्यावर बसून शेरभर बाजरी दळली आन् ती धाडली. तुमी लिहिलं की डोळ्याला पाणी आलं, ते वाचून मला जेवण गेलं न्हाई. पण तवाबी खरं बोलले न्हाई. तुमी त्या पिठावरनंच आठ दिवस सांगितले असणार. माझ्या खोट्यानं माझाच घात केला.

माफ करा म्हणायलाबी तोंड न्हाई.

अंजू

केज, २० जानेवारी

अंजू, माझी बाय,

पयलं डोळे पूस. पत्रावर पाणी पडून "मशीन" पुसलं गेलंय, मी अंदाजानं वाचलं.

ती पुडी जात्याची हाय हे मला पुडी सोडली तवाच कळलं होतं. त्या मशीनवर तसं गार पीठ पाच-सहा वर्षांत आलंच न्हाई, मला ठावं न्हाई तर कुणाला? पण मला काय वाटलं सांगू? वाटलं, पोरगी म्हातारीसाठी जात्यावर बसली. मी गल्लीभर सांगत फिरले. शेजारच्या सत्यभामेला बोलवून भाकरीचा तुकडा दिला, म्हणलं बघ, माझ्या अंजूनं हातानं दळून धाडलंय. म्हणजे तू मला फसवलं आन् मी फुगले! आता हसावं का रडावं ते तूच सांग.

तवा तो आठ दिवसांचा हिशेब तुझ्या पुडीवरनं न्हाई दिला मी. जुन्या दिवसांचा दिला. तुझ्यापेक्षा माझी चूक मोठी हाय. ऐक.

दगडाला टाकी लावावी लागती, म्हणजे छिन्नीनं ठोकून खाचा पाडाव्या लागतात. वीस-पंचवीस दिवसांनी दगड घासून गुळगुळीत होतात, मग ते दाणा कापत न्हाईत, रगडतात. रगडलं की पीठ तापतं, तापलं की बाजरी दोन-तीन दिवसांत कडू. तुला मशीन दिली, पट्टा दाखवला, तेल दाखवलं, टाकी दाखवलीच न्हाई. आन् का दाखवली न्हाई, ते मी आजवर कुणाला बोलले न्हाई.

मी टाकीची येळ कानानं वळखायची. दगड बोथट झाला की मशीनचा आवाज जाड व्हायचा, मी पोळी खाता खाता उठून मशीन बंद करायची. माझ्या उमेदीत बाया म्हणायच्या, रहिमाबीच्या गिरणीत जात्याचं पीठ मिळतं. मग त्या आवाजातच माझे कान गेले. मला कळंना दगड कवा बोथट झाला. पीठ तापाय लागलं, बाया कुरकुर करायच्या ते मला ऐकूच यायचं न्हाई. एक एक डबा कमी झाला. मी सगळ्या केजला सांगितलं, गुडघा धरला म्हणून बंद करते. गुडघा ठणठणीत हाय माझा. मला लाज वाटली बेटा. तुला मशीन दिली तवा टाकीचं नाव काढलं असतं तर तू इचारलं असतं, "खाला, तुमी कवा लावली होती?" म्हणून मी गप बसले. तर बघ, आपण दोघी सारख्याच.

आता रडणं पुरे, काम सांगते.

उद्याच गेवराईला जा. भागवतला धाडू नको, सोता जा. त्रिंबकशेठकडून कुणी कुणी पुडा नेला ती नावं घे, घरोघर जा आन् म्हण, माझ्या हातनं चूक झाली, हे ताजं पीठ घ्या. कारणं सांगू नको. कुणी दार लावलं तर लावू दे, पीठ उंबऱ्यावर ठेव आन् पुढं हो. पण नेणार ते पीठ जात्याचं ने, गिरणी अजून दुरुस्त न्हाई.

अंगदजवळ माझी टाकी आन् हातोडी दिलीय. मुजाहिदनं त्याच्या गॅरेजात टाकीला धार लावलीय. मोटर बंद कर, पट्टा उतरव, वरचा दगड दोघांनी धरून उलटा टाका. दोन्ही दगडांना गेरू चोळ. जिथं गेरू लगेच पुसला जातो तिथं दगड उंच, तिथं ठोक. मधनं कडेकडं रेघा, मधी खोल, कडेला उथळ. डोळ्याला चष्मा लाव, कपची उडती. पयलं दळण माणसाला देऊ नको, त्यात दगडाची कच असती.

आन् कानावर इसंबू नको, ते माझं झालं तसं होईल. पीठ पडतं तिथं हात धरायचा. तळहात न्हाई, कामानं तो जाड झालेला असतो, खोटं बोलतो. पालथा हात धर. पालथ्या हाताला ऊब लागली तर चालंल, चटका लागला तर मशीन बंद. समोर कितीबी डबे असू देत.

जमतंय तुला. न्हाई जमलं तर मी एसटीत बसून येते, गुडघा काय धरलेला न्हाई.

तुझी खाला

उमापूर, १० फेब्रुवारी

खाला, सलाम.

तुमचं पत्र मी चारदा वाचलं आन् मग उशीखाली ठेवलं. तुमी मला दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी चाललं असतं, ही माया जास्त लागली.

चार दिवस जात्यावर बसलो, एका बाजूनं मी, एका बाजूनं आत्याबाई. खांदे भरून आले. मग गेवराईत घर घर फिरले. दोघींनी दार लावलं. एका म्हातारीनं सणाचा खोळंबा झाला म्हणून उभ्या उभ्या झापलं, आन् झापून झाल्यावर चहा पाजला. शेवटी त्रिंबकशेठ म्हणले, "ताई, माल परत घ्यायला आलेलं माणूस मी पयल्यांदा बघतोय." पोतं त्यांनी पायरीवरनं उचललं.

टाकी पयल्या दिवशी माझ्या अंगठ्यावरच बसली. भागवत म्हणले, "सोड, मी करतो." म्हणलं, हात लावू नका. तीन दिवस लागले. पयलं दळण मामांच्या मेंढरांपुढं टाकलं. मामा बघत होते. मेंढरांनी चाटून पुसून खाल्लं तवा म्हणले, "गिऱ्हाईक तर मिळालं."

आता गेवराईला फकत सोमवारी आन् गुरुवारी माल धाडते, त्याच सकाळी दळलेला. पुड्यावर पेनानं दळल्याची तारीख लिहिते, खाली "पाच दिवसांत संपवा". भागवत म्हणले, असं लिहिलं तर कोण घेणार? तर बाया आता तारीख बघूनच उचलतात. त्रिंबकशेठ म्हणतेत रोज धाडा, दुसरा दुकानदार म्हणतोय आमालाबी द्या. काय करू?

तुमची
अंजू

केज, १६ फेब्रुवारी

बेटा,

दुसऱ्याला "थांबा" म्हण. एका दुकानात दोन महिने एकबी पुडा परत आला न्हाई की मग दुसरं. तुझे हात दोन, टाकीला महिन्यातनं एक दिवस मशीन बंद राहणार, तो दिवस आधी मोज आन् मग शब्द दे. बंदच्या दिवशी दारावर पाटी लाव, "आज टाकी". लपवू नको. बाया समजून घेतात. मी पाटी लावली असती तर माझीबी समजून घेतली असती.

अंगठ्याला हळद लाव.

खाला

उमापूर, २७ मार्च

खाला, सलाम.

तीन दिवसांनी पाडवा. काल मामा पुन्हा शेडात येऊन उभे राहिले, वर बघितलं, खाली बघितलं, गेले. मी इचारलं न्हाई. जीव टांगणीला लागलाय. जे व्हायचं ते होवो, पण तुमची ईद बिनाभाकरीची जाऊ देणार न्हाई. सोबत पुडी धाडलीय, ज्वारीचं हाय. कसं आलंय ते लिहा. खरं खरं लिहा.

ईद मुबारक.

अंजू

केज, १ एप्रिल

अंजू बेटा,

ईद चांगली झाली. शीरखुर्मा सगळ्यांनी खाल्ला, मी भाकरी खाल्ली. मुजाहिद म्हणला, "अम्मी, ईदच्या दिवशी भाकरी?" म्हणलं, तू तुझं बघ.

पुडी सोडल्या सोडल्या पालथ्या हातावर पीठ घेतलं. गार, मऊ, आन् तो वास. पुन्हा जात्यावर बसलीस ना? पाडवा तोंडावर, तुझी गिरणी राहती का जाती त्याचा घोर, आन् तू म्हातारीसाठी हातानं दळत बसलीस. ह्या बारीला तर लाज राखायची न्हाई, फसवायचं न्हाई, निव्वळ मायेनं. सत्यभामेला परत बोलवलं. ती म्हणली, मशीनवर असं पीठ आता कुठं मिळतंय?

पण बेटा, खांद्याला आराम दे. आन् मामा काय म्हणले ते लगेच कळव. मेंढरं आत घ्यायची ठरली असली तरी कळव. मशीन गेली तरी तुझी टाकी तुझ्याजवळ राहती.

तुझी खाला

उमापूर, ४ एप्रिल

खाला,

पाडव्याच्या सकाळी पुरणपोळीसाठी गव्हाचे डबे घेऊन एवढ्या बाया आल्या की ओट्यावर पाय ठेवायला जागा न्हाई. मामा कळक घेऊन आले. मला वाटलं मेंढरांच्या वाड्याची आडकाठी. त्यांनी त्यालाच गुढी बांधली आन् घराच्या दारात न्हाई, गिरणीच्या दारात उभी केली. मग भागवतला म्हणले, "मेंढरांना विहिरीकडं नवा वाडा घालू. हिकडं बायांची गर्दी लई, मेंढरं बिचकतात." बस, एवढंच. मी पदर तोंडात धरून रडले. मशीन चालू होती म्हणून कुणाला ऐकू गेलं न्हाई.

आन् खाला, मी जात्यावर बसले न्हाई. ज्वारीचं ते पीठ तुमच्या मशीनचं हाय.

अंजू